सीआर ऑनलाइन झालाय म्हणून घाबरू नको भावा

भावा, सरकारी नोकरीतला सीआर, म्हणजे साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात तो गोपनीय अहवाल, आता ऑनलाइन झाला, नवीन मूल्यमापन आलं, आता साहेब मनाला येईल तसं लिहिणार आणि आपली बढती अडकणार, ही भीती बावड्यापासून कागलपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ती खोटी नाही, कारण १०-२०-३० वर्षांच्या आश्वासित प्रगतीला, म्हणजे बढती नाही मिळाली तरी मिळणाऱ्या वरच्या पगारश्रेणीला पण सीआर बघतातच. पण शेरे आधीबी साहेबच लिहायचे की. २००८ साली देव दत्त केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, शेरा चांगला असो नाहीतर वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यामुळं सीआरची प्रत आली की वाच, पटलं नाही तर मुदतीत लेखी अभिवेदन, म्हणजे आपली हरकत दे आणि पोच घे, केबिनमध्ये जाऊन तोंडी बोलून काय बी होत नाही.

खरी मेख स्वयंमूल्यमापनात, म्हणजे आपणच आपल्या वर्षभराच्या कामाबद्दल लिहायचं असतं त्यात हाय. लई जण ३१ मार्च उलटल्यावर घाईत 'नेमून दिलेली कामे पार पाडली' एवढंच लिहितात, मग साहेबानं तरी काय बघून मार्क द्यायचे? पंचगंगेच्या पुरात चिखली-आंबेवाडीला ड्युटी केली असशील तर किती कुटुंबं हलवली, पंचनामे किती दिवसांत संपवले ते आकड्यानं लिही, आदेशाचा नंबर टाक. यासाठी एप्रिलपासूनच एक वही ठेव, दर महिन्याला दोन ओळी, बास. आणि साहेबांची बदली झाली, त्यांच्या हाताखाली तीन महिने भरलेत, तर जायच्या आधीच त्यांच्याकडून अहवाल लिहून घे, नंतर मागं फिरायला लागतंय.