मुलांना ऑनलाइन कीटक शिकवायचे आहेत, चांगली पीपीटी कुठे मिळेल?

पीपीटी शोधूच नका. ७ ते १० वर्षांच्या मुलांचा दर रविवारी झूमवर कीटक-वर्ग घ्यायचा आहे, त्यासाठी तयार स्लाइड्स कुठे मिळतील, अ‍ॅप कोणतं वापरावं आणि फी किती ठेवावी, असं तुम्ही विचारलंय. यातल्या स्लाइड्सवरून माझं एका आयोजकांशी चांगलंच भांडण झालेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

त्यांचं म्हणणं असं होतं की ऑनलाइन वर्गात जिवंत कीटक आणण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यात धड दिसत नाही, मुलं कंटाळतात. त्यापेक्षा फुलपाखरांचे सुंदर फोटो, जीवनचक्राचं गोल चित्र आणि शेवटी प्रश्नमंजूषा ठेवली की पालक खूश. माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आजही आहे. फोटो बघायला मुलाला शिक्षक लागत नाही. थेट वर्ग घ्यायचा तर जो कीटक तुमच्या कॅमेऱ्याखाली आहे, तोच प्रत्येक मुलाच्या टेबलावर हवा. मग तुमच्या बरणीत अंडी दिसतात, नागपूरच्या मुलीच्या बरणीत दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत यावर वर्ग सुरू होतो.

असा कीटक कोणता? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, कुंडीसुद्धा नसलेल्या घरात मिळेल, चावणार नाही, त्याला खायला घालावं लागणार नाही आणि महिन्याभरात अख्खं आयुष्य दाखवेल असा? कडधान्यातला भुंगेरा. मुगाला, चवळीला भोकं पाडतो तो. जेमतेम ३-४ मिलिमीटरचा, तपकिरी, पाठ आखूड असल्यासारखा. मोठा झालेला भुंगेरा काही न खाता दहा-बारा दिवस जगतो, कारण लागणारं सगळं त्याने अळी असताना दाण्याच्या आतच खाल्लेलं असतं. ऑनलाइन शिकवणाऱ्यासाठी याच्याइतका सोयीचा कीटक मला माहीत नाही.

आता नीट सांगतो. प्रत्येक घरी एक काचेची छोटी बरणी लागेल. जॅमची चालेल, पण धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेली हवी, कारण ओल राहिली की दाण्यांना बुरशी येते आणि पुढचं सगळं फुकट जातं. त्यात ५० अख्खे मूग. डाळ नाही, मोडाचे नाहीत. तोंडावर मलमलचं दुहेरी फडकं आणि दोन रबरबँड. झाकणाला भोकं पाडू नका. भोक मोठं झालं तर भुंगेरे बाहेर येतात आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांत शिरतात, मग त्या घरातून तुमचा वर्ग कायमचा बंद. बरणी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली तर मुंग्याही येत नाहीत.

मूग कुठले, हे सर्वांत महत्त्वाचं. पेरणीसाठीचं रंगीत औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हातात कधीच द्यायचं नाही, ते विषारी असतं. घरच्या साठवणीतले मूग असतील तर आजीला विचारायला सांगा की बोरिक पावडर लावली आहे का, डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या आहेत का. असतील तर ते नकोत. एरंडेल चोळलेल्या दाण्यांवरही भुंगेऱ्यांची वाढ होत नाही. अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटली तरी तेलाच्या थराखाली गुदमरतात. हेच पुढे प्रयोगाला वापरायचं: एका बरणीत २५ साधे मूग, दुसऱ्या बरणीत एरंडेलाचा एक थेंब चोळलेले २५, दोन्हींत सारखेच भुंगेरे. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट मूल स्वतः तपासून बघतं. कुठल्या स्लाइडवर हे मिळणार आहे?

सुरुवातीचे भुंगेरे शेतकऱ्याकडून घेतलेल्या किंवा सेंद्रिय दुकानातल्या सुट्या मुगात बहुधा सापडतात. एका बरणीला सहा ते आठ पुरे. जास्त सोडले तर एकेका दाण्यावर पाच-सात अंडी पडतात, आतल्या अळ्यांना खायला पुरत नाही, आणि भुंगेरे कमी व खुरटे निघतात.

पहिल्या रविवारी भुंगेरे सोडायचे आणि फक्त त्यांच्याकडे बघायचं. सहा पाय शरीराच्या कुठल्या भागातून निघतात, हे चित्र काढून दाखवायला सांगा. बहुतेक मुलं पाय पोटाला जोडतात. मग कॅमेऱ्याखाली भुंगेरा उलटा करून दाखवा: तिन्ही जोड्या मधल्या भागाला, म्हणजे छातीला. मुलांना चित्र खोडू देऊ नका, शेजारी दुसरं काढायला लावा. एका जातीच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात, मादीच्या करवतीसारख्या. ते भिंगातून ओळखता येतं आणि मुलं त्यावर खूप रमतात. काडी लागली की भुंगेरा पाय आखडून मेल्यासारखा पडतो. त्या वेळी घाईने काही सांगू नका, तो पुन्हा चालायला लागेपर्यंत सगळ्यांना गप्प बसून बघू द्या.

मंगळवारी किंवा बुधवारी पालकांनी रंगाच्या मऊ कुंचल्याने सगळे भुंगेरे बाहेर काढायचे. ही पायरी लोक हमखास गाळतात. आई-बाप भुंगेरे बरणीत राहिले तर रोज नवी अंडी पडत जातात आणि कुठलं अंडं किती दिवसांचं हे कळेनासं होतं.

दुसऱ्या रविवारी अंडी. दाण्यावर चिकटलेला अर्ध्या मिलिमीटरचा चकचकीत ठिपका म्हणजे अंडं. यातली काही अंडी पारदर्शक आणि काही दुधी पांढरी का, हा त्या दिवसाचा प्रश्न. उत्तर असं की अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात घुसते आणि पोखरलेला भुसा मागच्या रिकाम्या टरफलात ढकलते, म्हणून ते पांढरं दिसतं. पांढरा ठिपका म्हणजे अळी आत पोचली. प्रत्येकाने आपले पांढरे आणि पारदर्शक ठिपके मोजून वहीत लिहायचे.

तिसऱ्या रविवारी तुम्ही एक दाणा फोडायचा. फक्त तुम्ही, आणि एकच. दाणा तासभर भिजवला की पात्याने सहज उघडतो. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरी, लठ्ठ अळी असते. ती यात मरणार आहे, हे मुलांना आधी सांगा आणि ज्यांना बघायचं नाही त्यांना नजर वळवू द्या. लपवाछपवी केली तर मुलांना ती बरोबर कळते.

चौथ्या रविवारी दाण्याच्या सालीवर गोल, गडद डाग दिसायला लागतात. अळीने कोषात जाण्याआधी आतून साल पातळ करून ठेवलेली असते, बाहेर यायची खिडकी. पाचव्या रविवारच्या आसपास भुंगेरा ती गोल टिकली कापून बाहेर येतो. एखाद्या बरणीतून भुंगेऱ्याऐवजी मुंगीएवढी काळसर गांधीलमाशी निघाली तर दिवस सोन्याचा समजा. अळीला खाऊन वाढणारा परजीवी कीटक तुम्हाला आयता मिळाला. मुलं म्हणतील बरणी बिघडली. पुढचा अर्धा तास त्यावरच घालवा.

शेवटी दाणे पाण्यात टाकायचे, पोखरलेले तरंगतात. दहा भोकाचे आणि दहा चांगले दाणे ओल्या कापसावर ठेवून किती रुजतात ते मुलांनीच मोजायचं. मग बरणी तशीच पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये चार दिवस, आणि त्यानंतर कचऱ्यात. मधल्या काळात ती उघडायची नाही.

कॅमेऱ्याचं आता. वर्गात दोन साधनं लागतात. लॅपटॉपवर तुमचा चेहरा आणि आवाज, फोन वेगळा सामील करून कीटकावर. फोनवर सामील होताना ऑडिओ जोडूच नका, नाहीतर आवाज घुमतो. त्याचं चित्र सर्वांसाठी स्पॉटलाइट करा, म्हणजे प्रत्येकाच्या पडद्यावर तेच मोठं दिसेल. सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर काच ठेवून फोन त्यावर पडदा वर येईल असा ठेवला की मागचा कॅमेरा सरळ खाली बघतो. साधा फोन आठ-दहा सेंटिमीटरच्या आत फोकस धरत नाही, म्हणून १० ते १५ पटींची चिमट्याची मॅक्रो लेन्स घ्या. ती दोन-तीन सेंटिमीटरवरून काम करते, त्यामुळे डबे बुटके हवेत. पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करा, नाहीतर भुंगेरा हलला की चित्र आत-बाहेर होत राहतं. प्रकाश वरून नको, बाजूने हवा आणि मध्ये बटर पेपर. वरून टॉर्च मारला की अंडं चमकून नाहीसं होतं. पडद्यावर पट्टे सरकत असतील तर ते एलईडी दिव्यामुळे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. पळणारा भुंगेरा सोनाराकडे कुड्या ज्या पारदर्शक डबीत देतात तिच्यात ठेवा. दाणा स्थिर ठेवायला कणकेची गोळी पुरते. आणि काही लोक कीटक दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात, ते मुलांसमोर करू नका. ते बघून मुलं घरी फ्रीजऐवजी फ्रीजर वापरतात.

अ‍ॅप कुठलंही चालेल, पण दोन गोष्टी बंद हव्यात. पहिली, मुलांकडची बनावट पार्श्वभूमी आणि ब्लर. मूल उत्साहाने बरणी वर धरतं आणि सॉफ्टवेअर ती पार्श्वभूमी समजून पुसून टाकतं. ‘दिसत नाही, दिसत नाही’ करण्यात निम्मा तास जातो. दुसरी, आवाजातला गोंगाट गाळणारी सोय. रातकिडा ऐकवायचा असेल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर ती सोय किरकिरीलाच गोंगाट समजून कापते. झूमच्या मोफत खात्यात बैठक ४० मिनिटांत तुटते, ते या वयाला पुरेसं आहे. एका वेळी आठ-दहा मुलं, त्यापेक्षा जास्त नकोत. सगळ्यांच्या बरण्या बघायच्या आहेत.

फुलपाखरू घ्यायचंच असेल तर दुसऱ्या सत्रात, पावसाळ्यात, ज्यांच्याकडे लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी आहे त्यांच्यासाठी. त्यावरच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्या होतात आणि डिवचल्या की डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाची दुहेरी शिंगं काढतात. बाजारातला कढीपत्ता घातला तर फवाऱ्यामुळे अळ्या मरतात. डहाळी पाण्यात उभी करायची तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी बुडते. बरणीत खडबडीत काडी हवी, नाहीतर नव्या फुलपाखराला लटकता येत नाही आणि पंख कायमचे चुरगळलेले राहतात. बाहेर आल्यावर ते लालसर थेंब टाकतं, ते रक्त नव्हे हे आधीच सांगून ठेवा. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतो, त्यामुळे एखाद्या मुलाच्या कुंडीत तो निघूही शकतो. तरीही सुरुवात याने नको. अळ्या सगळ्यांना एकाच आठवड्यात मिळत नाहीत, आणि निम्मी मुलं पुन्हा प्रेक्षक होतात.

जीवनचक्राच्या त्या गोल चित्रावर माझा रागही इथलाच आहे. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे पाठ झालेली मुलं झुरळाचा कोष शोधतात. नाकतोड्याला, झुरळाला कोष नसतोच, पिल्लं आईबापांसारखीच दिसतात आणि कात टाकत मोठी होतात. त्या आयोजकांचं शेवटचं म्हणणं होतं की पालकांना भुंगेरा किळसवाणा वाटतो. वाटू दे. मुलांना तो किळसवाणा वाटत नाही, मोठ्यांचे चेहरे बघून ती किळस शिकतात. पहिल्या रविवारी आईबाबांनाही भिंगातून बघायला बसवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाने बरणी उघडायची नाही, पोखरलेल्या मुगाची पूड त्रास देते. अंगणातून कीटक आणायला सांगणार असाल तर केसाळ सुरवंट, रुईचा चीक आणि पावसाळ्यात दिव्यावर येणारा नारिंगी-काळा, लांबुडका भुंगेरा या तिन्हींची चित्रं आधी दाखवा. तो भुंगेरा अंगावर चिरडला तर कातडी भाजल्यासारखी होते, त्याला फुंकरीने उडवायचं. अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. वर्गात परदेशातली मराठी मुलं असतील तर त्यांना मूग पोस्टाने पाठवू नका, बियाणं आणि जिवंत किडे सीमेवर अडवतात. त्यांनी तिथल्या मुंग्यांसमोर कागदावर साखर आणि उकडलेल्या अंड्याचा कण ठेवून कुठे गर्दी होते ते नोंदवावं.

फी काय घ्यायची ते तुम्हीच ठरवा, फक्त पाचही रविवारांची एकत्र घ्या. तासागणिक घेतलीत तर लोक तिसऱ्या रविवारी गळतात, नेमकं जेव्हा बाहेरून काहीच दिसत नसतं. आणि हे वेळापत्रक साधारण ३० अंश तापमानाचं आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला भुंगेरे दोन-तीन आठवडे जास्त घेतात, म्हणून पहिली तुकडी मार्चनंतर सुरू करा.