पशुसल्ला : आधी वैरण, मग म्हैस

प्रश्न : मी ठाण्यात नोकरी करतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित दीड एकर भातशेती असून पेंढा दरवर्षी भरपूर निघतो. निवृत्तीनंतर तेथे दहा मुऱ्हा म्हशींचा गोठा काढण्याचा विचार आहे. आराखडा सोबत पाठवला आहे. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या आराखड्यात गव्हाणी, मूत्राची नाली, छपराची उंची हे सारे नेटके आहे; मात्र बारमाही पाणी आणि हिरवी वैरण यांचा त्यात कुठेही उल्लेख नाही, आणि दुग्धव्यवसाय बुडतो तो बहुधा इथेच. दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण 25 किलो हिरवा चारा धरला, तर दहा म्हशींना वर्षाकाठी 90 टनांहून अधिक चारा लागेल. संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचे चांगले भिजवलेले एक एकर एवढे उत्पन्न देऊ शकते, पण आपल्याकडे पाऊस कितीही कोसळला तरी फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणी असते का, हा खरा प्रश्न आहे. ते नसेल तर चारा विकत घ्यावा लागेल आणि नफ्याचा हिशेब तिथेच कोलमडेल. म्हणून पहिल्या वर्षी नेपियर लावावे, दोन किंवा तीन म्हशी घ्याव्यात आणि एक उन्हाळा काढून मग संख्या वाढवावी. गोठाही तेवढ्यापुरताच बांधावा.

पेंढ्यावर फार भिस्त ठेवू नये. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असतात, सिलिका जास्त असल्याने तो नीट पचत नाही आणि त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. 100 किलो पेंढ्यावर, 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडावा, दाबून प्लास्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवावा आणि घालण्यापूर्वी तासभर मोकळ्या हवेत पसरावा. त्यामुळे त्याची पचनीयता व प्रथिने दोन्ही वाढतात. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण तेवढ्याने जनावर दगावते. याखेरीज शरीरपोषणासाठी दीड ते दोन किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो याप्रमाणे खुराक, तसेच रोज 50 ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावे.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नये. काही जण एक धार चुकवून कास तुंबवतात आणि गिऱ्हाइकासमोर बादली भरून दाखवतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी कास आपल्यासमोर पूर्ण रिकामी करून घ्यावी आणि त्यानंतरच्या सलग तीन धारा मोजाव्यात. चारही सडांच्या पहिल्या चिळा काळ्या कापडावर घ्याव्यात. त्यात गुठळी किंवा धागे दिसले तर कासदाह आहे असे समजून व्यवहार तिथेच थांबवावा. म्हैस दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची असावी आणि सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिसची) रक्ततपासणी झालेली असावी.

सगळ्या म्हशी एकदम घेऊ नयेत, नाहीतर त्या एकदमच आटतात. शहरी तबेल्यांत म्हैस आटली की विकून ताजी व्यालेली आणण्याची रीत आहे. ती आपण उचलू नये, कारण त्यात चांगल्या म्हशीचे वेत आणि पारडू दोन्ही हातचे जातात. त्याऐवजी माजाकडे लक्ष द्यावे. म्हशीचा माज, विशेषतः उन्हाळ्यात, मुका म्हणजे सहज लक्षात न येणारा असतो आणि रात्री किंवा पहाटे दिसतो, म्हणून दोन्ही वेळा गोठ्यात फेरी मारून सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), सुजलेली योनी व वारंवार लघवी ही लक्षणे पाहावीत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा असून शेवटचे दोन महिने दूध आटवून कासेला विश्रांती द्यावी.

प्रश्न : नवी मुंबईतील गावठाणात घरामागे एक गाय बांधता येईल का?
– एक वाचिका, घणसोली

उत्तर : शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा 1976 चा कायदा आहे, तो जेथे लागू आहे तेथे परवाना लागतो. गाय आणण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी विचारणा करावी. एका गाईचे शेण रोज 10 ते 15 किलो पडते. त्याची सोय आणि शेजाऱ्यांची संमती नसेल, तर परवाना मिळूनही गाय टिकणार नाही.

प्रश्न : माझ्या उस्मानाबादी शेळ्या पावसाळ्यात लंगडतात आणि करडे हगवणीने दगावतात. इंजेक्शने देऊनही फरक पडत नाही.
– एक वाचक, शहापूर

उत्तर : ही जात कोरड्या मुलुखातली आहे. शहापूरच्या पावसात ओल्या जमिनीवर तिचे खूर कुजणारच. तेव्हा इंजेक्शनाआधी जमीन बदलावी. जमिनीपासून तीनेक फूट उंच, फळ्यांमध्ये लेंडी खाली पडेल पण करडाचा पाय अडकणार नाही एवढीच फट ठेवलेला मचाण करावा आणि प्रत्येक मोठ्या शेळीस दहा चौरस फूट जागा द्यावी. वाढलेले खूर पावसाआधी कापावेत. दाराशी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) 5 टक्के द्रावणातून शेळ्या चालवाव्यात, मात्र ते पिऊ देऊ नये. ते विषारी आहे.

हगवणीमागे अनेकदा जंत किंवा रक्ती हगवण असते आणि दोन्हींची औषधे वेगळी आहेत. म्हणून ताज्या लेंड्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्याव्यात व औषध वजनानुसार द्यावे; अंदाजाने कमी मात्रा दिली तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी. करडू जन्मताच तासाभरात त्याला चीक पाजावा, आणि शेळीला चीक कमी असेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा पाजावा.