टेक्सासमधील आमची ग्रामीण पाणीपुरवठा संस्था ‘स्पेशल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ (पाण्यासारख्या सेवा पुरवणारी स्थानिक सरकारी संस्था) झाली, तर मालमत्ता कर वाढेल का?

नाही, टेक्सास जलसंहितेच्या ६५व्या प्रकरणाखाली स्थापन होणाऱ्या अशा डिस्ट्रिक्टला मालमत्ता कर लावण्याचा अधिकारच नसतो, त्यामुळे खर्च मुख्यतः पाण्याच्या बिलांतूनच भागवावा लागतो. संचालक मंडळाचा ठराव, टीसीईक्यू या राज्य पर्यावरण आयोगाची मंजुरी आणि शेवटी हद्दीतील मतदारांचा कौल, असा क्रम आहे. त्यानंतर करमुक्त रोखे (ज्यांच्या व्याजावर गुंतवणूकदाराला आयकर लागत नाही) काढता येत असल्याने नव्या टाकीसाठीचे कर्ज स्वस्त पडू शकते. माझ्या मते खरा फरक मतदानात आहे: आज सभासदत्व ज्याच्या नावावर, त्याचेच मत (आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखे), म्हणून घरात चार प्रौढ असले तरी मत एकच, पुढे मात्र हद्दीत राहणारा प्रत्येक नोंदणीकृत मतदार संचालक निवडतो आणि शेतावर मीटर असूनही ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मालकाचे मत जाते.