माईकमागून: ‘राजीनाम्याचा अर्ज नेऊन देऊ का?’

(लालबाग-परळात 35 वर्षं सभांना लाऊडस्पीकर पुरवलेले आमचे माईकवाले काका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न: काका, माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. इंग्लंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना भर भाषणात नोकरी गेल्याचा कागद देणाऱ्या कलाकाराचा व्हिडिओ त्याने शंभरदा पाहिलाय. आता विधानसभेच्या प्रचाराची चौकसभा आमच्या नाक्यावर आहे. तिथे उमेदवाराच्या हातात राजीनाम्याचा कोरा अर्ज द्यायचा त्याचा बेत आहे. मित्र रील काढणार. अडवलं तर म्हणतो, ‘आई, तुला विनोद कळत नाही.’ काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर: ताई, तो व्हिडिओ मीही पाहिलाय. 4 ऑक्टोबर 2017, मँचेस्टर, हुजूर पक्षाचं अधिवेशन. तो कलाकार, सायमन ब्रॉडकिन, रीतसर पास गळ्यात घालून आत गेला आणि बाईंच्या हातात पी-45 ठेवला. तिकडे नोकरी सुटली की मालक हा फॉर्म देतो. बाईंनी तो घेतला, बाजूला ठेवला आणि असा कागद मला विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांना द्यायचाय, असं म्हणून टाळ्या घेतल्या. खरा घात केला तो खोकल्याने. अर्थमंत्र्यांना उठून गोळी द्यावी लागली. त्यात मागच्या घोषणेतली अक्षरं गळायला लागली. मला तर त्या मंडपवाल्याचीच काळजी वाटली. आम्ही थर्माकोलच्या अक्षरांनाही टाचण्या मारायचो हो!

आता माझी गोष्ट. कॉर्डलेस माईक नवेनवे होते तेव्हाची. परळच्या एका गल्लीत सभा, उमेदवाराला हातात माईक घेऊन फिरत बोलायची हौस. साहेब म्हणाले, ‘चाळीतल्या प्रत्येक नळाला पाणी येईल.’ कर्ण्यातून आवाज आला, ‘कधी?’ गल्ली हसली. साहेब म्हणाले, ‘गिरणी कामगाराला हक्काचं घर मिळेल.’ पुन्हा, ‘कधी?’ आवाज साहेबांच्या आवाजापेक्षा खणखणीत.

मला कळेना. मग डोक्यात उजेड पडला. त्या स्वस्तातल्या माईकांची फ्रिक्वेन्सी ठरलेली असायची. तसाच दुसरा माईक रिसीव्हरच्या जवळ कुणी चालू केला की ज्याचा सिग्नल जोराचा, तो वाजतो. कुणा ऑर्केस्ट्रावाल्या पोराने तसला माईक आणला असणार आणि स्टेजमागच्या ओट्यावर टॉवेलखाली धरला असणार. मी चॅनल बंद केला तर साहेब मुके, चालू ठेवला तर ‘कधी?’. वायरचा माईक टेम्पोत होता, तो आणेपर्यंत तीन ‘कधी’ झाले. तिसऱ्याला मीही हसलो, खोटं कशाला बोलू. नेमकं साहेबांच्या माणसाने पाहिलं.

उरलेले पैसे मला कधीच मिळाले नाहीत. जनरेटरवाल्याचे मी खिशातून दिले, खुर्च्या लावणाऱ्या पोरांना वडापावावर भागवलं. तो पोरगा कोण, आजवर कळलं नाही. प्रश्न त्याचा चोख होता, माझा राग त्याच्या लपण्यावर आहे. तोंड दाखवलं असतं तर साहेबांना काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं. समोर माणूसच नव्हता, मग सगळं माझ्यावर शेकलं.

म्हणून मुलाला अडवू नका, पण सांगा: स्टेजवर चढायचं नाही, वायरीला हात लावायचा नाही, खिशात हात घालून धावायचं तर अजिबात नाही. अंगरक्षकाला खिशात अर्ज आहे की आणखी काही, हे कसं कळणार? खाली पुढे उभं राहायचं, कागद आधीपासून हातात दिसेल असा धरायचा, नाव सांगायचं, द्यायचा आणि गप्प बसून उत्तर ऐकायचं. रील त्या उत्तरासकट टाकायची. उमेदवाराने पोराचीच फिरकी घेतली तरी.

आणि कायदा माहीत असू दे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127: निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंत राजकीय सभेत काम बंद पाडण्यासाठी गोंधळ घातला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सभेच्या अध्यक्षाने सांगितलं तर पोलीस नाव-पत्ता विचारू शकतात. तुमचा मुलगा दुसऱ्या पक्षाचं काम करत असेल तर बेत आजच रद्द करा. आचारसंहितेत दुसऱ्याच्या सभेत प्रश्न विचारून गोंधळ घालायलाही कार्यकर्त्यांना मनाई आहे.

प्रश्न: मे 2024 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक पावसात भिजत निवडणूक जाहीर करत होते, तेव्हा गेटबाहेरून कुणीतरी विरोधी मजूर पक्षाचं 1997 चं प्रचारगीत दणक्यात लावलं. शिवाजी पार्कात जमेल?
– कॉलेजकुमार, दादर

उत्तर: सुनक बोलत होते ते लंडनचं डाऊनिंग स्ट्रीट म्हणजे गल्ली रे. शिवाजी पार्क 28 एकरांचं, आणि सभेला खांबाखांबावर आमचे कर्णे. तुझा ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या भेळवाल्यालाही ऐकू जायचा नाही. शिवाय 2010 पासून ते शांतता क्षेत्र आहे. सभेलाच परवानगी मिळवताना लोकांची दमछाक होते, तुझ्या गाण्याला कोण देणार?

प्रश्न: पूर्वी आपल्याकडे भाषणं उधळली जात नसत, असं सासरे म्हणतात. खरं का?
– एक सून, गिरगाव

उत्तर: सासरे तुमच्या गिरगावातलेच ना? 20 नोव्हेंबर 1955 ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली होती, ती त्यांना आठवत नाही? त्याआधी 1907 मध्ये काँग्रेसच्या सुरत अधिवेशनात जोडा उडाला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. जोडा दख्खनी घाटाचा होता, म्हणजे आपल्याकडचाच! मेहतांचा पुतळा पालिकेच्या मुख्यालयासमोर आहे. बिलासाठी खेटे घालताना मी त्यांना रोज नमस्कार करायचो. आमचं दोघांचंही दुखणं एकाच घराण्याचं: दुसऱ्यावरचं आमच्यावर शेकलं. अर्थात जोडा आणि टवाळी यांत मी गल्लत करणार नाही. जोड्याला उत्तर देता येत नाही.

प्रश्न: सोसायटीच्या झेंडावंदनाला मी बोलायला उभा राहिलो की मागची मुलं पिपाण्या वाजवतात. पिपाणीचा आवाज माईकमध्ये येऊ नये म्हणून काय करावं?
– एक चेअरमन, मुलुंड

उत्तर: माईक तोंडाजवळ धरा आणि आवाज कमी ठेवा. भाषण किती मिनिटांचं असतं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.