'मीडियन सर्व्हायव्हल'ला मराठीत काय म्हणायचं?

परभणीच्या एका दादांनी विचारलंय, मामांचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, ऑपरेशनचं चाललंय, कागदावर 'तोकुहाशी ९, मीडियन सर्व्हायव्हल ६ महिने' लिहिलंय, तर याला 'सरासरी आयुष्य' म्हणलं तर चालेल का, कारण घरात कुणीतरी 'सहा महिन्यांची मुदत दिली' असं सांगून बसलंय अन् मामी तेव्हापासून धड जेवंना.

आधी ती 'मुदत' काढा राव. मुदत पीकविम्याच्या अर्जाला असते, संपली की संपली.

'सरासरी' पण नको. मीडियनला शाळेच्या गणितात शब्द आहे, मध्यक (मध्य, मध्यक, बहुलक, मार्कापुरतं पाठ केलेलं). समजा पाच पेशंट ऑपरेशननंतर २, ४, ६, १५ आणि ४० महिने जगले. रांगेतला मधला ६, तो मध्यक. सरासरी काढली तर येते १३.४, कारण एकट्या ४० वाल्यानं सगळ्यांना वर ओढलं. म्हणून घरात सांगताना 'असे जे पेशंट असतात त्यातले निम्मे सहा महिन्यांच्या पुढं जातात' एवढंच म्हणा. मामा कुठल्या निम्म्यात, ते त्या आकड्यात नाहीच.

आता तोकुहाशी. ही जपानी डॉक्टरांची पद्धत, १९९० ची, २००५ ला सुधारलेली, १५ पैकी मोजतात. तब्येत कशी, कॅन्सर किती मणक्यांत, बाकी हाडांत, आतल्या अवयवांत पोचलाय का, पायात ताकद किती, अन् मूळ गाठ कुठली. फुफ्फुसाची असली तर तिथं शून्य, थायरॉइड, स्तन, प्रोस्टेटला ५. आठपर्यंत सहा महिन्यांच्या आत, ९ ते ११ सहा महिने किंवा जास्त, १२ पासून पुढं वर्ष किंवा जास्त आयुष्य, असं धरतात. याला 'गुण' म्हणलं तर चालतं, पण याच कामाची २००१ ची तोमिता पद्धत आहे तिथं २ ते १० आकडे आणि कमी तेवढं बरं, तिथं 'गुण' म्हणलं की माणूस उलटंच समजतो. तिथं सरळ 'आकडा' म्हणा.

अन् या सगळ्याला 'भाकीत' नको, मला 'आडाखा' आवडतो. कावळ्यानं घरटं कुठं केलं ते बघून आमचे आजोबा पावसाचा आडाखा बांधायचे, पण पेरणी काही त्या एकावर नाही करायचे. डॉक्टरही ऑपरेशन करायचं का, केलं तर किती मोठं, हे ठरवायला हा आकडा धरतात, सोबत दुखणं किती, पाय लुळे पडायलेत का हेही बघतात.

मामींना मध्यक बिध्यक काही सांगू नका, पाच जणांची रांग सांगा.