वाचक विचारतात : डिस्क गोल्फचा ड्रायव्हर निवडताना

(डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी तबकडी, म्हणजे डिस्क, फेकून टोपलीत टाकायचा खेळ. ड्रायव्हर म्हणजे लांब फेकीची डिस्क. उत्तरांतल्या दिशा उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून केलेल्या फेकीसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं.)

प्रश्न : तीन महिने खेळतोय. लांब जाते असं ऐकून इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर घेतली, १७५ ग्रॅमची. पन्नास मीटरही जात नाही, डावीकडे वळून धपकन पडते. हलकी घेऊ का? – एक वाचक, टाम्पेरे, फिनलंड

उत्तर : हलकीने थोडा फरक पडेल, पण मूळ अडचण वजनाची नाही. डिस्कचे चार आकडे असतात : स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता), टर्न आणि फेड. डिस्ट्रॉयरचे आहेत १२, ५, -१, ३. हा १२ म्हणजे डिस्कच्या अंगातला वेग नव्हे. ती नीट उडावी म्हणून तुमच्या हातातून निघायला हवा तो वेग. तेवढा मिळाला तर डिस्क आधी किंचित उजवीकडे झुकते, हा टर्न; आकडा जितका उणे, तितका तो जास्त. वेग उतरला की डावीकडे वळते, हा फेड. वेग मुळातच कमी असेल तर टर्न येत नाही आणि हातातून सुटल्यापासूनच फेड सुरू होतो.

लेपर्ड घ्या : ६, ५, -२, १. वजन १६० ग्रॅमच्या आसपास. कड अरुंद असल्याने मुठीतही नीट बसते. ती सपाट फेकून ७५ मीटर सरळ जाऊ लागली की ९ स्पीडकडे वळा. १२ स्पीड शंभर मीटरच्या पुढे गेल्यावर. हा हिशोब ढोबळ आहे, पण घाई करणाऱ्यांचं तंत्र बिघडतं हे नक्की : जास्त स्पीडची डिस्क डावीकडे जाऊ नये म्हणून ते उजवीकडे कलवून फेकू लागतात आणि ती सवय सुटता सुटत नाही.

आणखी एक तपासा. डिस्क आधी वर चढून, थबकून मग डावीकडे कोसळते का? तसं असेल तर पुढची कड वर राहते आहे. तांब्यातून पाणी ओतताना मनगट अंगठ्याच्या बाजूने खाली कलतं, तसं सोडताना कलवा. खालूनच जाऊन डावीकडे वळत असेल तर मात्र वेगच कमी.

प्रश्न : आमच्या कोर्सवर कायम वारा. समोरून असला की डिस्क उजवीकडे उलटते, मागून असला की लवकर पडते. दोन्हीकडे चालेल असा एक ड्रायव्हर सांगा. – एक वाचक, शिकागो

उत्तर : एक पुरणार नाही, दोन ठेवा. डिस्कला जमिनीशी नव्हे, हवेशी असलेला वेग कळतो. ताशी ८० किलोमीटरने फेकली आणि समोरून २०चा वारा असला, तर तिच्या लेखी वेग १०० झाला. म्हणून टर्न वाढतो आणि ती उचललीही जाते. तोच वारा पाठीमागून आला तर ६०च उरतो. उचल कमी, फेड लवकर.

समोरच्या वाऱ्यात फायरबर्ड : ९, ३, ०, ४. भरपूर वजनाची, १७० ग्रॅमच्या वर. डावी कड थोडी खाली ठेवून, कमी उंचीवरून जाईल अशी फेका. जोर वाढवू नका. जोर वाढला की टर्नही वाढतो. मागच्या वाऱ्यात रोडरनर : ९, ५, -४, १. नेहमीपेक्षा जरा उंच सोडा.

आडव्या वाऱ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. डिस्क डावीकडे कललेली असताना वारा उजवीकडून आला तर तो तळाला लागतो आणि डिस्क उचलून दूर डावीकडे नेतो. डावीकडून आला तर पाठीवर बसतो आणि तिला खाली दाबतो. उजवीकडच्या वाऱ्यात म्हणूनच निशाणा उजवीकडे धरा आणि उंची कमी ठेवा.

प्रश्न : फोरहँडला (हात अंगाच्या बाजूने मागे नेऊन पुढे फेकताना) माझी साइडवाइंडर डिस्क डगमगते आणि उलटून जमिनीवर आपटते. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : साइडवाइंडरचा टर्न -३ आहे. फोरहँडमध्ये फिरकी बहुधा कमी मिळते आणि सोडताना तळवा खाली वळला की डगमग होते. दोन्हींमुळे ती उलटते. तळवा शेवटपर्यंत आकाशाकडे, कोपर अंगाजवळ. तोवर थंडरबर्ड वापरा : ९, ५, ०, २. फोरहँडला टर्न डावीकडे आणि फेड उजवीकडे असतो, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : बोस्टनला सरळ जाणारी डिस्क डेन्व्हरला डावीकडेच का जाते? – एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे टर्न आणि उचल दोन्ही कमी. टर्नचा आकडा एकाने अधिक उणे असलेली डिस्क घ्या. नवी घ्यायची नसेल तर साध्या डीएक्स प्लास्टिकची जुनी, झिजलेली काढा. झिजलेल्या डिस्कचा टर्न वाढलेला असतो. अशी डिस्क फेकून देऊ नये. चॅम्पियन प्लास्टिक फार सावकाश झिजतं, त्यामुळे त्यात हा बदल यायला पुष्कळ काळ लागतो.