गुरचरणावर पाच हजार झाडं?

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : गावची सामायिक जमीन)

प्रश्न : आमचं गाव मुरबाड तालुक्यात. एक कंपनी गावच्या गुरचरणावर पाच हजार झाडं लावून द्यायला तयार आहे. ग्रामपंचायतही राजी आहे. माळ उघडा आहे, नुसतं गवत. कोणती झाडं सुचवाल? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : झाडांची यादी करण्याआधी माळावर पहार घेऊन जा आणि दहा-बारा ठिकाणी ठोकून बघा. वीतभर मातीखाली कातळ लागला तर तिथे खड्ड्यांचा नाद सोडा. कातळात कसेबसे खणलेले दीड फुटाचे खड्डे जुलैत पाण्याने भरतात, निचरा होत नाही, मुळं कुजतात. त्यातून वाचलेली रोपं एप्रिलात करपतात. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा वृक्षारोपण होतं आणि फोटोही निघतात.

शिवाय ‘नुसतं गवत’ म्हणून माळ ओसाड ठरत नाही. पावसाळ्यात पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं गुडघ्याच्या वर येत असतील तर तो जिवंत माळ आहे. चंडोल, टिटवी, लावे जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना मोकळा माळच हवा.

जूनच्या तोंडावर बायका शेवळं (पावसाच्या सुरुवातीची रानभाजी) काढायला नेमक्या कुठे जातात, तेही विचारून घ्या. शेवळाचा कंद मातीत असतो. त्यावरून खड्डे खणायचं यंत्र फिरलं की पुढल्या वर्षी तिथे काही उगवत नाही. कल्याण-ठाण्याच्या बाजारात शेवळं आणि काकडं (शेवळाच्या भाजीत घालायची रानफळं) घेऊन बसणाऱ्या बायकांचं मोसमातलं हे उत्पन्न असतं, पण वृक्षारोपणाच्या ठरावावर त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

माती खोल असेल तिथे आधी जुने खुंट शोधा. ऐन, पळस, साग तोडले तरी बुडातून फुटतात, आणि त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असल्याने विकतच्या रोपापेक्षा ती जोमाने वाढतात. एका खुंटाला आठ-दहा धुमारे येतात. पहिल्या वर्षी त्यांना हात लावू नका. गुरं कोणते खाणार आणि कोणते वाळणार, हे तोवर कळत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात सरळ, जाड असे दोन ठेवा आणि बाकीचे जमिनीलगत तिरका छाट देऊन कापा. सपाट छाटावर पाणी साचून खुंट कुजतो. तीन पावसाळे वणवा, कोयता आणि शेळ्या यांपासून जपलेत तर बहुतेक शेंडे जनावरांच्या तोंडाबाहेर जातात. सगळं गुरचरण मात्र एकदम बंद करू नका. तीन भाग करा आणि एका वेळी एकच राखा. नाहीतर गुरं शेजारच्या गावच्या हद्दीत जातात आणि भांडण तुमच्या दारात येतं.

कंपनीचा पैसा घ्याच, पण रोपांऐवजी नोव्हेंबर ते मे या काळात दोन राखणदारांच्या मजुरीवर आणि जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर, लावा. जाळरेषा किमान तीन मीटर रुंद हवी. डिसेंबरात, गवत पुरतं वाळण्याआधी, कापून आणि ओढून ती साफ करा. फेब्रुवारीत पट्टा जाळून साफ करायला गेलात तर वणवा तुम्हीच लावाल.

गवताचा लिलाव होत असेल तर त्यात अटी घाला : दसऱ्याआधी कापणी नाही, चार बोटं बुडखा ठेवायचा, दर दहा पट्ट्यांमागे एक पट्टा बियांसाठी उभा सोडायचा, कापणीनंतर माळ पेटवायचा नाही. जिथे कुसळी (टोचरी कुसळं धरणारं गवत) जास्त आहे तो तुकडा मात्र कुसळं धरायच्या आधी कापू द्या. नंतर ते गवत गुरं तोंडात घेत नाहीत.

तरीही झाडं लावायचीच असतील तर ओहोळाच्या काठी उंबर, करंज, जांभूळ लावा. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको.

प्रश्न : गावाभोवतीची जमीन नेमकी कुणाची, हेच कळत नाही. काही गट गुरचरण, काहींवर ‘वन’ अशी नोंद. ती राखायचा अधिकार गावाला मिळतो का? – शहापूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. नोंदीखाली फेरफार क्रमांक असतो, तो फेरफारही (ती नोंद कशी झाली ते सांगणारा कागद) काढा. सोबत गाव नमुना १-ई घ्या. अतिक्रमणांची नोंद त्यात सापडते. गुरचरण सरकारी मालकीचं असतं, म्हणून त्याचा वापर बदलायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अतिक्रमणाविरुद्ध अर्ज करताना जगपाल सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा (२८ जानेवारी २०११) आधार घ्या. गावच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्याची योजना सर्व राज्यांनी करावी, असं त्यात म्हटलं आहे.

‘वन’ नोंद असलेल्या गटांचा रस्ता वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यात पुष्कळ नोंदी १९७५च्या खासगी वने संपादन कायद्यातून आल्या आहेत. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे ग्रामसभा अशा जमिनीवर सामूहिक वनसंपत्तीचा दावा करू शकते. गफलत होते ती अर्जात. नमुना ‘ख’ हा चराई, पाणी, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू) अशा वापराच्या हक्कांसाठी आहे. जंगल राखण्याचा आणि त्याचे नियम ठरवण्याचा हक्क हवा असेल तर नमुना ‘ग’ भरावा लागतो. फक्त ‘ख’ भरलात तर लाकूडतोड थांबवताना हातात कागद राहत नाही. पुरावे एकाहून अधिक प्रकारचे लागतात, म्हणून जाणत्यांचे जबाब घ्या आणि जुन्या वाटा, पाणवठे, देवस्थानं नकाशावर दाखवा. हद्द शेजारच्या गावाला बोलावूनच फिरा. ग्रामसभेत निम्मी उपस्थिती आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका असल्याशिवाय ठराव करू नका. दावा मागे येण्याचं ते हमखास कारण ठरतं.

प्रश्न : राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा भाजण्यासाठी, टहाळ (पानांच्या फांद्या) तोडून डोंगराची झाडं नुसते खांब झाली आहेत. राब बंद करा म्हटलं की लोक चिडतात. – एक शिक्षिका, मुरबाड तालुका

उत्तर : चिडणारच, कारण राब उगाच भाजत नाहीत. भाजलेल्या वाफ्यात तणाचं बी मरतं आणि राख मिळते, म्हणून रोपं निरोगी येतात. बंदीऐवजी टहाळाची गरज कमी करा. एक हेक्टर भाताला रोपवाटिका साधारण दहा गुंठ्यांची लागते, तेवढ्याच जागेचा प्रश्न आहे. वळवाच्या सरीनंतर तण उगवू द्या, हलकी नांगरट करून ते मोडा. मग मीटरभर रुंद आणि वीतभराहून थोडा कमी उंच असा गादीवाफा करून शेणखतावर पेरा. तणाचा पहिला लोंढा यात निघून जातो. सगुणा राईस तंत्रात बी थेट गादीवाफ्यावर टोकतात, त्यामुळे रोपवाटिकाच लागत नाही. पण तिथे तणाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, हे आधीच सांगा.

तरीही ज्यांना राब भाजायचा आहे, त्यांनी डोंगराचे तीन भाग करून दर वर्षी एकाच भागातला टहाळ घ्यावा. झाडाचा शेंडा आणि वरचा तिसरा हिस्सा सोडावा, मनगटापेक्षा बारीक खोडाच्या झाडाला हात लावू नये. राब दुपारच्या वाऱ्यात पेटवू नये. सकाळी, भोवती दोन मीटर पालापाचोळा ओढून मगच पेटवावा.

प्रश्न : माहेरच्या देवराईत घाणेरी (टणटणी) माजली आहे. मंडळाला ती ‘साफ’ करून फरशी घालायची आहे. – एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : फरशी देवळाच्या उंबऱ्यापुरती. पाला झाडू नका, पडलेले ओंडके उचलू नका, वठलेलं झाड वाटेवर झुकलेलं नसेल तर तोडू नका. त्याच्या ढोलीत घुबडं राहतात.

घाणेरी जमिनीवरून कापलीत तर दुप्पट फुटते. बुडाभोवतीची माती उकरून मुख्य मूळ जमिनीखाली दोन इंचांवर तोडा. झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे राहतील असं वाळवा; फांद्या ओल्या मातीला टेकल्या की पुन्हा मुळं धरतात. फळं धरण्याआधी हे उरका. पक्षी बी खाऊन मोठ्या झाडांवर बसतात, म्हणून पुढचे दोन-तीन पावसाळे त्या झाडांखालची घाणेरीची रोपं हाताने उपटत राहा. रानमोडी (असंच माजणारं दुसरं तण) असेल तर ती फुलण्याआधी, ओल असताना मुळासकट ओढा. एका वर्षी एकच कोपरा घ्या. सगळं एकदम उघडं केलंत तर ऊन पोहोचतं आणि त्या जागी कॉसमॉस हे आणखी एक तण येतं.